कुठल्या कॅम्पला होतात तुम्ही?

जानेवारी संपत आला की इकडे सॅन होजेत मुलं असलेल्या घरांत एकच धांदल, समर कॅम्पचं बुकिंग. शाळेला उन्हाळ्यात दहा आठवडे सुट्टी, आम्ही दोघंही नोकरीला, आजी-आजोबा तिकडे कोल्हापुरात, मग पोरीला ठेवायचं कुठं? म्हणून आठवडे जुळवत बसायचं, हा आठवडा पोहणं, पुढचा रोबोटिक्स, त्यानंतर नाटक, आणि बरे कॅम्प लगेच फुल्ल होतात म्हणून अलार्म लावून लॅपटॉपपुढे बसायचं, पूर्वी तत्काळच्या तिकिटाला बसायचो तसं. फॉर्ममध्ये ढीगभर प्रश्न. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, पोहता येतं का, औषधं कुठली चालू आहेत. शेवटी एक रकाना असतो, संध्याकाळी मुलाला न्यायला कोण येणार. त्यात मी, बायको आणि अडीअडचणीला शेजारच्या काकू. पूर्वी हा रकाना मी डोळे झाकून भरायचो, आता भरताना हात थोडा थांबतो, आणि त्याला कारण मॅन्झनार.

दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसहून मॅमथला गाडीने चाललो होतो, हायवे ३९५ ने. डावीकडे सिएरा नेवाडाची भिंत, उजवीकडे ओसाड माळ, आणि वारा असा की गाडीचं दार उघडायला जोर लागतो. लोन पाइन आणि इंडिपेंडन्स या दोन गावांच्या मध्ये मॅन्झनारची पाटी दिसली, आणि खरं सांगायचं तर आम्ही थांबलो ते टॉयलेटसाठी. (हो, जवळच्या गावाचं नाव इंडिपेंडन्सच आहे, मी रचून सांगत नाहीये.) आत गेल्यावर कळलं की हा जपानी वंशाच्या अमेरिकनांना कोंडलेला कॅम्प. शाळेच्या जुन्या सभागृहात म्युझियम केलंय, पहाऱ्याचा एक मनोरा परत बांधलाय, दोन-तीन बराकी उभ्या केल्यात. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ती एका फोटोपुढे उभी राहिली, बेसबॉल खेळणारी पोरं, मागे डोंगर, सगळे हसतायत. म्हणाली, "बाबा, हा तर माझ्या कॅम्पसारखाच आहे, मजा वाटते."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. देता येत नाही, कारण फोटो खोटा नव्हता.

हा गोंधळ एकट्या माझ्या पोरीचा नाहीये. युद्धानंतर इकडच्या जपानी घरांत म्हणे नेहमीचाच प्रकार, दोन म्हातारी माणसं नव्याने भेटली की पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या कॅम्पला होतात? मी पोस्टनला, आम्ही टोपाझला, अगं म्हणजे तू अमकीला ओळखत असशील. आणि बाजूला बसलेल्या नातवंडांना वाटायचं आजी-आजोबा उन्हाळ्याच्या शिबिराबद्दल बोलतायत. मोठं झाल्यावर, कुणाला तर कॉलेजात गेल्यावर, कळायचं की त्या कॅम्पला काटेरी तार होती. घरात कुणी त्याबद्दल बोलायचंच नाही. लाज वाटायची, ज्यांनी काही केलंच नव्हतं त्यांना.

झालं काय होतं ते थोडक्यात. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी ९०६६ नंबरच्या आदेशावर सही केली. त्या आदेशात जपानी हा शब्दच नाहीये, लष्कराला वाटेल त्या भागातून वाटेल त्या माणसाला हलवता येईल एवढंच आहे, पण राबवला तो कुणावर हे सगळ्यांना माहीत. पश्चिम किनाऱ्यावरची साधारण १ लाख २० हजार माणसं उचलली, त्यातले दोन तृतीयांश इथेच जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक. लॉस एंजेलिसच्या बंदरातल्या टर्मिनल आयलंडवरच्या कोळ्यांना ४८ तास दिले. होड्या, जाळी, पियानो, शेतं, सगळं मातीमोल भावात. आणि नेलं कुठं, तर आधी रेसकोर्सवर. सॅन ब्रुनोचं टॅनफोरान आणि आर्केडियाचं सांता अनिता. घोडे हलवले, तबेल्यांना चुना मारला आणि माणसं ठेवली. टॅनफोरानचा नंतर मॉल झाला, सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या अगदी जवळ, बे एरियातल्या कितीतरी मराठी लोकांनी तिथे जीन्स घेतल्या असतील, मी घेतलीय.

तिथून मग दहा मोठे कॅम्प, सगळे वाळवंटात नाहीतर दलदलीत. वीस फूट बाय शंभर फूट लाकडी बराक, बाहेरून डांबरी कागद, आत खोल्या पाडलेल्या, एका कुटुंबाला एक खोली. फळ्यांच्या फटीतून धूळ यायची, सकाळी उठल्यावर उशीवर डोक्याएवढी जागा स्वच्छ आणि बाकी सगळी राखाडी. संडास सार्वजनिक आणि मध्ये आडोसा नाही, बायका पुठ्ठ्याचं खोकं घेऊन जायच्या आणि त्याच्या आड बसायच्या. हे वाचताना मला बाकी सगळ्यापेक्षा हे खोकं जास्त लागलं.

आता मुलांच्या मजेचं. मला हा मुद्दा टाळायचा नाहीये कारण सगळी मेख तिथेच आहे. मुलांना खरोखर मजा आली. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांनी तसं म्हातारपणी सांगितलंय. एका वेळी शेकडो खेळगडी, संध्याकाळी कुणी अभ्यासाला बोलवत नाही, शेतावर राबायचं नाही. हिला रिव्हरच्या कॅम्पात केनिची झेनिमुरा नावाच्या माणसाने वाळवंट सपाट करून बेसबॉलचं मैदान उभं केलं. मॅन्झनारात नाचाच्या रात्री व्हायच्या आणि बँडचं नाव जाइव्ह बॉम्बर्स, डाइव्ह बॉम्बर या बॉम्ब टाकणाऱ्या विमानांवरची कोटी, म्हणजे विनोदबुद्धी शाबूत. काही बायकांना तर जन्मात पहिल्यांदा मोकळा वेळ मिळाला, स्वयंपाक नाही, शेत नाही, मग त्या पुष्परचनेच्या क्लासला बसल्या. सरकारने याचे फोटो काढून छापले, बघा किती आनंदात आहेत. आणि डोरोथिया लँग नावाच्या बाईला सरकारनेच फोटो काढायला नेमलं होतं, तिचे फोटो मात्र लष्कराने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले.

पण तेच जेवण बघा. तीन वेळा घंटा, ब्लॉकच्या मेसमध्ये रांग, पत्र्याची ताटली. पोरं पोरांच्यात जाऊन बसायला लागली, कुटुंबाचं एकत्र बसणं संपलं. बाप कालपर्यंत घरचा कर्ता, आता त्याने मिळवायचं काय आणि खायला कुणाला घालायचं? डॉक्टर असला तरी महिन्याला १९ डॉलर, भांडी घासणाऱ्याला १२. पोरांची सुट्टी आणि बापाचा पाणउतारा एकाच मेसमध्ये, एकाच वेळी. म्हणजे मुलाने "मजा आली" म्हटलं तर ते खरंच मानायचं, पण त्या मजेचं श्रेय कुणाचं? ज्याने मैदान केलं त्याचं, ज्या आईने खोक्याच्या आड बसून पोरांना काही कळू दिलं नाही तिचं. ज्याने तार लावली त्याचं नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे आणि त्याच्या पुढे जे लिहितोय ते या एका वाक्याच्या मागे लागून लिहितोय, कारण "तिथे काही एवढे हाल नव्हते, शाळा होती, खेळ होते" हे वाक्य मी आता इतक्या ठिकाणी आणि इतक्या देशांबद्दल ऐकलंय की ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या सॅन होजेच्या विमानतळाला नॉर्मन मिनेटा यांचं नाव आहे. कोल्हापूरहून आई-बाबा आले की तिथेच त्यांना आणायला जातो, आणि कित्येक वर्षं मला हे कोण माहीत नव्हतं. मिनेटा सॅन होजेचेच. १९४२ मध्ये दहा वर्षांचे, म्हणजे मॅन्झनारात माझी पोरगी जेवढी होती तेवढेच. कब स्काउटचा गणवेश घालून, बेसबॉलची बॅट घेऊन रेल्वेत चढायला निघाले, आणि शिपायाने बॅट काढून घेतली, हत्यार म्हणून. पुढे वायोमिंगच्या हार्ट माउंटन कॅम्पात बाहेरच्या गावची स्काउटची पोरं मेळाव्याला आली, त्यात अ‍ॅलन सिम्प्सन नावाचा मुलगा होता, दोघं एका तंबूत राहिले, पुढे दोघं खासदार झाले आणि जन्मभर दोस्त राहिले. ही गोष्ट इकडे फार प्रेमाने सांगतात आणि आहेच ती गोड. पण सांगताना एक बारीक गोष्ट निसटते, मेळावा संपल्यावर सिम्प्सन घरी गेला.

माझ्या लेखी कॅम्प कसला हे ओळखायची खूण हीच. बराक कशी, जेवण कसं, शाळा आहे का, हे सगळं दुय्यम. पहिला प्रश्न, कंटाळा आला म्हणून उठून जाता येतं का? आणि दुसरा, तुला इथे ठेवायच्या आधी तुझं, तुझं एकट्याचं, काही ऐकून घेतलं होतं का? मी स्वतः पाचवीत असताना दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो, तिसऱ्या दिवशी रडून गोंधळ घातला, सरांनी गावातल्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी काका लाल डब्याने न्यायला आले. शिबिर भिकार होतं, मेथीची भाजी आणि वरण, पण तो कॅम्प उन्हाळ्याचा कॅम्प होता कारण काका येऊ शकत होता.

आता कुणी म्हणेल युद्ध होतं बाबा, त्या वेळी एकेकाची सुनावणी कुठं घेत बसणार. मला पूर्वी हे थोडंफार पटायचं, हवाई वाचेपर्यंत. हल्ला झाला हवाईवर, पर्ल हार्बर तिथेच. जपानी वंशाचे सगळ्यात जास्त लोक हवाईत, दीड लाखाच्या वर, तिथल्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. धोका खराच असता तर आधी तिथे असायला हवा ना? तिथे दोन हजार लोकसुद्धा धरले नाहीत, कारण एवढी माणसं काढली तर बेट चालणार कसं. आणि जिथे हल्ला झालाच नाही त्या कॅलिफोर्नियात तान्ही पोरं धरली. शब्दशः. मॅन्झनारात अनाथाश्रम होता, चिल्ड्रेन्स व्हिलेज, त्यात १०१ अनाथ मुलं राहून गेली, काहींच्यात जपानी रक्त आठवा हिस्सा. पश्चिम किनाऱ्यावरच्या लष्कराचे प्रमुख जनरल डी विट यांचा तर्क असा की अजून एकही घातपात झालेला नाही हाच घातपात होणार असल्याचा पुरावा. याच्यापुढे वकील काय करणार कपाळ? आणि सलिनासच्या भाजीवाल्या बागायतदारांच्या माणसाने तर छापील मासिकात सांगून टाकलं होतं की आम्ही जपान्यांना स्वार्थासाठी घालवतोय असं लोक म्हणतात, हो, तसंच आहे.

सुप्रीम कोर्टानेही हे चालवून घेतलं. फ्रेड कोरेमात्सु हा ओकलंडचा वेल्डर, गेला नाही म्हणून पकडला, केस वरपर्यंत गेली आणि १८ डिसेंबर १९४४ ला सहा विरुद्ध तीन असा निकाल सरकारच्या बाजूने. विरोधात गेलेल्या तिघांपैकी जस्टिस जॅक्सन यांनी लिहिलं की हे तत्त्व आता भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, ज्याला तातडीची गरज दाखवता येईल त्याच्या हाताला लागायला. कोरेमात्सुची शिक्षा रद्द व्हायला १९८३ उजाडलं.

शब्दांचा खेळ तर काय सांगावा. धरपकडीला इव्हॅक्युएशन म्हणायचं, म्हणजे जणू पूर आलाय. तबेल्याला असेम्ब्ली सेंटर. तुरुंगाला रिलोकेशन सेंटर. मराठीत लिहायला बसलो तर माझीही पंचाईत झाली. छळछावणी म्हणावं तर डोळ्यापुढे नाझी येतात, तिथे गॅस होता, इथे नव्हता, ती तुलना मला चुकीची वाटते आणि ज्यांचं कुणी तिकडे गेलं त्यांच्यावर अन्याय वाटतो. नजरकैद म्हणावं तर बंगल्यात पुढारी. शिबिर म्हटलं की रक्तदान नाहीतर संस्कार, छावणी म्हटलं की लष्कर नाहीतर दुष्काळात गुरांची चारा छावणी, आणि पुण्यात नुसतं कॅम्प म्हटलं तर बिस्किटं आणायला निघालेला माणूस. मला विचाराल तर कोंडवाडा. ग्रामपंचायतीचा असतो तो, मोकाट जनावर धरून आणायचं, त्याने पीक खाल्लं की नाही हे त्याला कोण विचारतोय, मालक येऊन दंड भरेपर्यंत उभं राहायचं. तबेल्यात ठेवलेल्या माणसांना हा शब्द बरोबर बसतो. फक्त इथे दंड भरून सोडवायला कुणी मालक नव्हता, आणि देश हाच मालक म्हणावा तर कोंडलंय त्यानेच.

आमच्या कोल्हापुरात अगदी त्याच वर्षांत एक कॅम्प होता, आणि तो बघितला की फरक कळतो. वळिवडे. १९४३ ते १९४८. रशियाने सैबेरियात हाकललेले पोलंडचे लोक, बहुतेक बाया आणि पोरं, साधारण पाच हजार. बराकीच, एकाशेजारी एक. त्यांचीही शाळा, चर्च, नाटकं, स्काउटसुद्धा. पण त्या बायका कोल्हापुरात बाजाराला यायच्या, सिनेमाला बसायच्या. माझी आजी सांगायची, "भाजीवालीपुढं उभ्या ऱ्हाऊन किती, किती म्हणायच्या, आणि जास्त सांगितलं की नगं म्हणून पुढं जायच्या, आपल्यागत." म्हातारपणी परत येऊन त्यांनी त्या बराकींच्या जागेवर डोळे पुसले, महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पुढे तिथेच फाळणीचे सिंधी निर्वासित आले आणि आज त्याचं गांधीनगर झालंय, लग्नाचा बस्ता बांधायला आख्खा जिल्हा तिकडे जातो. उल्हासनगरचंही तेच, जुनी लष्करी छावणी, लोक अजून पत्ता सांगतात कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. निर्वासितांचे हाल कमी नव्हते. पण दार आतून उघडत होतं.

बाहेरून बंद होणारं दार बघायचं तर सोलापूर. सेटलमेंट हा शब्द तिथे आजही पत्त्यात आहे. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मानेच गुन्हेगार, तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर पास. आणि तिथेही शाळा होती बरं का, मिलमध्ये काम होतं, सुधारणा हा शब्द होता. स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला आलं आणि हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून ते लोक आजही ३१ ऑगस्ट पाळतात. अमेरिकेने बघा कसं केलं असं म्हणायच्या आधी आपण हे आठवलेलं बरं. तसा अमेरिकेचाही धागा तिथेच जातो म्हणा, पोस्टन आणि हिला रिव्हर हे दोन कॅम्प रेड इंडियन लोकांच्या राखीव जमिनीवर बांधले, पोस्टनला तर जमातीच्या कौन्सिलचा विरोध डावलून, आणि या सगळ्या कॅम्पांचा कारभार बघणारे डिलन मायर यांना पुढे १९५० मध्ये इंडियन लोकांच्याच खात्याचे प्रमुख नेमलं, अनुभवी माणूस म्हणून.

आता माझा खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं पुराण लावलं.

सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू होते, सगळे त्यांना केशवभाई म्हणत. रोज पहाटे डफ वाजवत मंत्र म्हणायचे. जपान युद्धात उतरल्याबरोबर पोलिस त्यांना घेऊन गेले, आणि गांधीजींनी त्यांचा तो मंत्र, नम्यो हो रेंगे क्यो, आश्रमाच्या प्रार्थनेत तसाच ठेवला. मलाया-सिंगापुरात धरलेल्या जपानी कुटुंबांना त्या वेळी जहाजाने भारतात आणून दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूत ठेवलं होतं, दिल्लीच्या उन्हाळ्यात, आणि मग राजस्थानातल्या देवलीला हलवलं. वर्ध्याजवळचं देवळी नव्हे, हे टोंक जिल्ह्यातलं. त्याच्या आधी तिथे कम्युनिस्ट होते, आपले कॉम्रेड डांगे, रणदिवे, शिवाय जयप्रकाश. एक कोंडवाडा एकदा बांधला की रिकामा राहत नाही, हे देवलीकडे बघून कळतं.

कारण १९६२ मध्ये तो परत उघडला, आणि या वेळी इंग्रज नव्हते. चीनशी युद्ध झालं आणि आसाम, दार्जिलिंग, कालिम्पाँग, शिलाँगमधल्या चिनी वंशाच्या माणसांना उचललं, साधारण तीन हजार. माकूमसारख्या गावात यांचे पणजोबा-खापरपणजोबा इंग्रजांनी चहाच्या मळ्यात आणलेले, इथल्याच बायकांशी लग्नं झालेली, घरात आसामी नाहीतर हिंदी बोलणारे. कायदाच असा केला की आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणी एक जरी कधीकाळी शत्रूदेशाचा नागरिक असला तरी पुरे. त्या अनाथ मुलांचा आठवा हिस्सा आणि आपला हा चौथा हिस्सा, फार लांब नाही आपण. थोडे कपडे घ्या, थोडे दिवसच जायचंय असं सांगितलं, सात दिवस रेल्वेने आसामातून राजस्थानात. युद्ध संपलं महिन्याभरात, नोव्हेंबर १९६२ मध्ये. काही जण आत राहिले १९६७ पर्यंत. पुष्कळांना जहाजात घालून चीनला पाठवलं, जो देश त्यांनी बघितलाही नव्हता. जे सुटून घरी गेले त्यांना दिसलं की घर-दुकान लिलावात गेलंय. बरेच जण नंतर कॅनडात टोरोंटोला गेले, संघटना काढली, आणि मागणी एकच, भारत सरकारने माफी मागावी.

आजवर मागितलेली नाही. आणि हा विषय माझ्या ओळखीच्या मराठी लोकांत काढला (मी काढतो, बायको वैतागते) तर तीन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, चीननेच दगा दिला, आपण कशाला. अरे पण दगा माओने दिला, माकूमच्या सुताराने नाही. दोन, तिथे काही मारहाण वगैरे नव्हती, जेवण मिळत होतं. हे ते बेसबॉलचं वाक्य, याचं उत्तर वर देऊन झालंय. तीन, एवढ्या जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार. हा तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण माफी फुकट असते आणि फुकटची माफी मागणारी सरकारं आपण बघितलीत.

पण अमेरिकेत ते फुकट झालं नाही. आधी कमिशन बसवलं, शेकडो म्हाताऱ्यांनी समोर येऊन पहिल्यांदा तोंड उघडलं, ज्यांच्या पोरांना कॅम्प म्हणजे समर कॅम्प वाटत होता त्यांनीच. कमिशनने कारणं सांगितली तीन, वंशद्वेष, युद्धज्वर आणि पुढाऱ्यांचा नाकर्तेपणा, आणि हेरगिरीचं-घातपाताचं एकही प्रकरण सापडलं नाही असं लिहून दिलं. १० ऑगस्ट १९८८ ला रेगन यांनी कायद्यावर सही केली, हयात असलेल्या प्रत्येकाला माफीचं पत्र आणि २० हजार डॉलर, ८२ हजारांवर लोकांना मिळाले. त्यामागे मिनेटा आणि सिम्प्सन दोघंही होते. कॅनडानेही त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या जपानी नागरिकांची माफी मागितली. २० हजारांत शेत परत येत नाही हे सगळ्यांना कळत होतं. पण ११ सप्टेंबर २००१ नंतर मुसलमान दिसणाऱ्यांना धरा म्हणून ओरडा झाला तेव्हा वाहतूक मंत्री होते मिनेटा, आणि विमानतळावर धर्म बघून माणसं बाजूला काढायला त्यांनी ठाम नकार दिला. त्या माणसाकडून बॅट काढून घेतली होती, आणि ती काढून घेणं चूक होतं हे सरकारी कागदावर होतं. मला हे तिसऱ्या आक्षेपाचं पुरेसं उत्तर वाटतं. संपूर्ण नाही, पुरेसं.

आणि जुन्या गोष्टी कुठं जुन्या आहेत? आसामात डिटेन्शन सेंटरचं नाव २०२१ मध्ये बदलून ट्रान्झिट कॅम्प केलं. ट्रान्झिट. म्हणजे पुढची गाडी येतेय, जरा बसा. मतियाला मोठा कॅम्प उभा राहिलाय, तीन हजार माणसं मावतील असा, देवलीत होती साधारण तेवढीच. आपल्या नेरुळमध्येही २०१९ ला असल्या सेंटरसाठी जागा बघण्यापर्यंत गोष्ट गेली होती. कुणी म्हणेल आसामात ट्रिब्युनल आहेत, माणसागणिक केस चालते, १९६२ सारखं सरसकट नाही. मान्य, आणि तो फरक छोटा नाही. पण तिथे आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच आहे, सरकारवर नाही, आणि आजोबांचा जन्मदाखला माझ्याकडेही नाही, तुमच्याकडे असेल तर अभिनंदन. परदेशी माणसाला परत पाठवायचा हक्क देशाला आहे यावर माझा वाद नाही. ज्याला कुठलाच देश परत घेत नाही त्याला ट्रान्झिटमध्ये किती वर्षं बसवणार, वाद यावर आहे.

देवलीसाठी मला काय हवंय ते अगदी छोटं आहे. संसदेत एक ठराव, त्यात आकडा, तारखा, कायद्याचं नाव, आणि चूक झाली हे दोन शब्द. जे हयात आहेत त्यांच्या घरी त्याची प्रत, सही-शिक्क्याची. पैसे द्यायचे की नाही ते नंतर भांडू. अमेरिकेला १९४२ पासून १९८८ पर्यंत ४६ वर्षं लागली, तोवर हजारो माणसं गेली होती. १९६२ मध्ये ४६ मिळवले की २००८ येतं. देवलीत जी पोरं आठ-दहा वर्षांची होती ती सत्तरी ओलांडून टोरोंटोत बसलीत, आणि त्यांच्यातल्याही कुणाकुणाला विचारलं तर सांगतील, की तारेच्या आत आम्ही खूप खेळलो.